होडीच्या पोटातले घर

समुद्रप्रवासाच्या इतिहासात दर्यावर्दी माणसाचे नाव उरते. त्याने कोणते वादळ पचवले, किती मैल कापले, कोणत्या बंदरात त्याचे स्वागत झाले, हे सारे लिहून ठेवलेले असते. परंतु तो रात्री कोठे निजत होता, पिण्याचे पाणी कोठे साठवीत होता, औषधाची पेटी कोणत्या फळीवर ठेवीत होता आणि भिजलेले कपडे कोठे वाळवीत होता, याची विचारपूस फारसे कोणी करीत नाही. वास्तविक लांबच्या सफरीत माणूस तरतो तो बऱ्याच अंशी या आतल्या व्यवस्थेमुळे. शीड फाटले तर ते शिवता येते; गोडे पाणी नासले तर समुद्राच्या मध्यभागी दुसरी विहीर नसते.

समुद्राकाठच्या आपल्या गावांना हे सांगायला नको. बोट मासेमारीला निघण्यापूर्वी बर्फ, डिझेल, पाणी आणि शिधा यांची कशी तयारी चालते, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिले आहे. तीच तयारी महिनोन् महिन्यांच्या, कधी तीन वर्षांच्या प्रवासासाठी करावयाची झाली, तर लहानशा होडीचे पोट कसे सजवावे लागेल? या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही अमेरिकेतील एका कुरणापासून मुंबईच्या गोदीपर्यंत आणि तेथून गोव्यातील दिवाडी बेटापर्यंत येणार आहोत.

कुरणात उभी असलेली होडी

जोशुआ स्लोकम हा मूळचा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. जन्म १८४४ चा. वडिलांच्या बूट शिवण्याच्या धंद्यात त्याचे मन रमले नाही आणि कोवळ्या वयातच तो समुद्राकडे पळाला. पुढे तो मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. त्याची पत्नी व्हर्जिनिया जहाजावरच संसार करीत असे. त्यांची काही अपत्येही जहाजावरच जन्मली. १८८४ साली ब्युनोस आयर्स येथे 'अक्विडनेक' या जहाजावर तिचे निधन झाले. तीनच वर्षांनी ते जहाजही ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून फुटले. तेव्हा स्लोकमसोबत दुसरी पत्नी हेट्टी आणि दोन मुलगे होते. परतीच्या तिकिटासाठी कोणापुढे हात पसरण्याऐवजी त्याने तेथेच ३५ फुटांची एक होडी बांधली आणि कुटुंबाला तीत बसवून सुमारे साडेपाच हजार मैलांचा प्रवास करीत तो अमेरिकेला पोहोचला. १३ मे १८८८ रोजी, ज्या दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी नष्ट करणारा कायदा झाला, त्याच दिवशी ती होडी पाण्यात उतरली. म्हणून तिचे नाव 'लिबरदादी', म्हणजे स्वातंत्र्य. लहान होडीच्या पोटात चार माणसांचा संसार कसा मांडावा, हे स्लोकम त्या प्रवासात शिकला.

घरी परतल्यावर मात्र त्याच्या हाताला काम उरले नव्हते. वाफेच्या बोटींनी शिडाच्या जहाजांचा काळ संपवत आणला होता. अशा वेळी, १८९२ च्या हिवाळ्यात, देवमासे मारणाऱ्या जहाजावरील एका जुन्या कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले. मात्र त्याला 'थोडी दुरुस्ती' लागेल, असे सांगितले. स्लोकम मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेवन या गावी गेला, तेव्हा ते 'जहाज' समुद्रापासून दूर, एका शेतात टेकू लावून उभे होते आणि त्यावर ताडपत्री पांघरलेली होती. त्या जागेचे नावच 'पॉव्हर्टी पॉइंट', म्हणजे दारिद्र्याचे टोक. होडीचे नाव 'स्प्रे'. ती इतकी जुनी होती की, ती आता मोडणार असेच गावकऱ्यांनी धरले होते.

स्लोकमने ती मोडली नाही. जवळचे एक ओकचे झाड तोडून त्याने तिचा तळकणा घडवला. नव्या बरगड्यांसाठी लाकूड वाफेच्या पेटीत घालून मऊ केले आणि वाकवले. जुना अवयव काढावयाचा, त्याच मापाचा नवा बसवावयाचा, असे करीत त्याने सारी होडी नवी केली. नाव तेवढे जुनेच राहिले. बाजूंच्या फळ्या जॉर्जियाच्या पाइन लाकडाच्या, दीड इंच जाडीच्या. त्यांच्यामधल्या फटींत त्याने कापूस ठासला आणि वरून तागाचा धागा बसवला. पाहणाऱ्यांपैकी काहींना वाटले की, हा कापूस फटींतून सरकून बाहेर येईल. तो जागचा हलला नाही. देवमाशांच्या शिकारीत आयुष्य घालवलेले वृद्ध कप्तान येऊन नाळेचे लाकूडकाम न्याहाळीत आणि ही बर्फसुद्धा फोडील, असा दाखला देत. तेरा महिने काम चालले. साहित्याचा खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. मजुरी त्याची स्वतःचीच.

आतली मांडणी

'स्प्रे' ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. आतली खोली जेमतेम ४ फूट २ इंच. एवढ्या उंचीत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. म्हणून स्लोकमने डेकवर दोन लहान खोल्या उभारल्या. पुढच्या बाजूला सहा फूट लांब-रुंद स्वयंपाकघर आणि मागच्या बाजूला सुमारे दहा फूट बाय बारा फुटांची राहण्याची खोली. दोन्ही डेकच्या वर सुमारे तीन फूट उठलेल्या आणि खाली होडीच्या पोटात उतरलेल्या. त्यामुळे आत उभे राहण्यापुरती जागा झाली. राहण्याच्या खोलीच्या कडेने, डेकखाली जी सांद उरते, तेथे त्याने निजण्याचा बाक आणि बारीकसारीक वस्तूंसाठी फळ्या केल्या. औषधाच्या पेटीसाठी वेगळी जागा राखायलाही तो विसरला नाही. स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधला भाग पाणी, खारवलेले मांस आणि इतर शिध्यासाठी मोकळा ठेवला. तेथे कित्येक महिन्यांची बेगमी मावे.

या मांडणीमागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पाण्याची पिंपे आणि शिधा हे सर्वांत जड सामान. ते होडीच्या मध्यभागी व तळाशी असले, तर नाळ लाटेवर सहज उचलली जाते आणि होडी कमी डोलते. तेच सामान टोकाला ठेवले, तर होडी लाटेत डोके खुपसते. तोल राखण्यासाठी स्लोकमने तळाशी सिमेंट-काँक्रीट भरले आणि होडी कलंडली तरी ते हलू नये, म्हणून ते आधार देऊन जखडून टाकले. निजण्याची जागा मागच्या बाजूस ठेवण्यातही शहाणपण आहे. तेथे हेलकावा कमी लागतो आणि एकाकी खलाशाला पडल्या पडल्या सुकाणूजवळ पटकन पोहोचता येते.

सामानसुमान तर आपल्या एखाद्या काटकसरी घरासारखेच होते. दोन वातींचा एक दिवा रात्री उजेड देई आणि दिवसा युक्तीने चुलीचे काम करी. ग्लॉस्टर बंदरात एक टाकून दिलेली लहान होडी मिळाली. 'स्प्रे'वर ती अखंड मावेना. स्लोकमने ती मधोमध कापली आणि कापलेली बाजू फळ्यांनी बंद केली. किनाऱ्यावर जाण्यासाठी ती होडी, कपडे धुण्यासाठी तीच टाकी आणि अंघोळीसाठी तोच टब! त्याच्याजवळचे जहाजी घड्याळ दुरुस्त करायला पंधरा डॉलर पडले असते, म्हणून ते त्याने घरीच ठेवले. पुढे यार्मथ येथे पत्र्याचे एक घड्याळ घेतले. किंमत दीड डॉलर. परंतु तबकडी फुटलेली असल्यामुळे दुकानदाराने एका डॉलरला दिले. फळ्यांवर पुस्तके होती आणि त्यांत वाटेत भरही पडली. सामोआ बेटावर कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या विधवा पत्नीने पतीच्या संग्रहातील सागरी मार्गदर्शनाचे ग्रंथ त्याला भेट दिले.

आतल्या घराची परीक्षा

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, स्लोकम बोस्टनहून एकटा निघाला. होडीत इंजिन नव्हते, वीज नव्हती, कोणाला हाक मारण्याचे साधन नव्हते. अझोर्स या पोर्तुगीज बेटांवर लोकांनी त्याला फळे दिली. तेथून निघाल्यावर आलुबुखार आणि पांढरे चीज यांवर ताव मारल्यामुळे त्याच्या पोटात असह्य कळा आल्या आणि तो खोलीच्या फरशीवर बेशुद्ध पडला. भ्रमात त्याला कोलंबसाच्या 'पिंटा' जहाजाचा सुकाणूधारी आपली होडी हाकताना दिसला. शुद्धीवर येऊन पाहतो तो 'स्प्रे' त्याने लावून दिलेल्या दिशेनेच चालली होती. सामान जागच्या जागी आणि तोल राखून भरलेले असेल, तर सुकाणू बांधून ठेवले तरी अशी होडी आपली वाट सोडत नाही. पुढे थर्सडे बेटापासून कोकोस-कीलिंग बेटांपर्यंतचे २७०० मैल तिने २३ दिवसांत कापले आणि त्या अवधीत स्लोकमला सुकाणूवर जेमतेम तीन तास बसावे लागले. उरलेला वेळ त्याने बहुतांशी वाचनात घालवला.

हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटावर एक गमतीची घटना घडली. तेथील धर्मगुरू त्या सुमारास भाविकांना ख्रिस्तविरोधकाच्या आगमनाविषयी सांगत होते. अशातच एके दिवशी वाऱ्यावर फडफडणारी पांढरी शिडे घेऊन एकटाच माणूस बंदरात शिरला. एका वृद्धेने तर हाच तो, असे ओरडत घराचा रस्ता धरला! पुढे स्लोकम मठात गेला, तेव्हा मठाधिपतींनी त्याला आलिंगन दिले; तुझा धर्म कोणताही असो, तुझा प्रवास सफळ होवो आणि ख्रिस्त तुझ्याबरोबर राहो, अशा आशयाचे आशीर्वचन दिले. ज्याची भीती घातली गेली, तोच दारात पाहुणा म्हणून उभा राहिला आणि दार उघडले गेले. ही आठवण स्लोकमने आपल्या ग्रंथात कौतुकाने नोंदवली आहे.

सेंट हेलिना बेटावर मिळालेल्या बकरीने मात्र घराची शिस्त पार बिघडवली. तिने दोर कुरतडले आणि वेस्ट इंडिजचा सागरी नकाशाच खाऊन टाकला. पुढच्या असेन्शन बेटावर स्लोकमने तिला उतरवले. लहान घरात प्रत्येक वस्तूला जागा असते. जिला जागा नाही, तिला घरात घेतले तर काय होते, याचा हा धडा होता.

तीन वर्षे आणि ४६,००० मैलांनंतर, २७ जून १८९८ रोजी, 'स्प्रे' न्यूपोर्टला पोहोचली. एकट्या माणसाने पृथ्वीला शिडाच्या होडीतून प्रदक्षिणा घालण्याची ती पहिलीच वेळ. काही दिवसांनी स्लोकमने तिला फेअरहेवनला नेले आणि पाण्यात उतरवल्यावर ज्या खुंटाला ती बांधली होती, त्याच खुंटाला पुन्हा बांधली.

मुंबईच्या सागाची 'सुहैली'

यानंतरची कथा आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधण्याची परंपरा जुनी. वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधलेले 'त्रिंकोमाली' हे १८१७ सालचे युद्धजहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते सहसा कुजत नाही आणि किड्यांनाही दाद देत नाही.

याच मुंबईत १९६० च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण ब्रिटिश जहाज अधिकारी 'ब्रिटिश इंडिया' कंपनीच्या नोकरीत होता. त्याने ३२ फुटांची एक होडी बांधून घेतली. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराचा. त्याचे मूळ मात्र नॉर्वेजियन बचाव-होड्यांत होते. लाकूड साग आणि कारागीर मुंबईचे. त्यांनी ती हातहत्यारांनी घडवली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. नाव ठेवले 'सुहैली'. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडच्या वाऱ्याला हे नाव देतात. 'सुहैल' हे अरबी भाषेत एका ताऱ्याचेही नाव आहे. आपण त्यालाच अगस्त्य म्हणतो.

डिसेंबर १९६५ मध्ये तो आपला भाऊ आणि एक सहकारी यांच्यासह मुंबईहून निघाला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचला. त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर यांनी वाटेत केवळ सिडनीला थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. आता उरले होते ते कोठेही न थांबता फेरी मारणे. यासाठी नॉक्स-जॉन्स्टनला नवी, मोठी होडी हवी होती. परंतु पैसे उभे राहिले नाहीत. शेवटी मुंबईच्या जुन्या होडीलाच तयार करावयाचे ठरले.

तिघांनी टप्प्याटप्प्याने प्रवास केलेली होडी एका माणसासाठी, पण सुमारे वर्षभराच्या शिध्यासह सज्ज करावयाची होती. अशा वेळी होडीच्या आतला हिशेब पार बदलतो. निजायला एक बाक पुरतो. उरलेल्या जागेचे कोठार होते. अन्नाचे शेकडो डबे रचावे लागतात. ओलाव्याने कागदी वेष्टने सुटून तळाचे पाणी उपसणाऱ्या पंपात अडकतात. म्हणून ती आधीच काढून डब्यावर रंगाने खूण करावयाची आणि गंज चढू नये म्हणून वार्निशाचा हात द्यावयाचा, ही लांबच्या सफरीची रूढ रीत. कोणता डबा कोठे आहे याची यादी हाताशी नसेल, तर वादळात माणूस अन्नाच्या ढिगावर बसूनही उपाशी राहतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कधीही एकाच टाकीत ठेवावयाचे नाही.

या शेवटच्या नियमाचा प्रत्यय लवकरच आला. १४ जून १९६८ रोजी 'सुहैली' फाल्मथहून निघाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला, दक्षिण महासागरात शिरताच, एका लाटेने तिला आडवी केली. वरच्या खोलीचे लाकूडकाम जागचे हलले आणि भेगांतून पाणी आत झिरपू लागले. आतले सारे सामान विखुरले. पुढे पाहिले तर टाक्यांतील पिण्याचे पाणी नासलेले! वेगळ्या डब्यांत ठेवलेले थोडे पाणी शाबूत होते, म्हणून तो माघारी फिरला नाही. उरलेल्या प्रवासात शिडांवरून ओघळणारे पावसाचे पाणी धरून त्याने तहान भागवली. हललेली खोली त्याने स्वतः बोल्टांनी आवळून पक्की केली.

त्याआधी अटलांटिकमध्येच तळाच्या फळ्यांमधून गळती सुरू झाली होती. नॉक्स-जॉन्स्टनने पाण्यात बुडी मारून फटीत कापूस ठासण्याचा प्रयत्न केला. पण श्वास संपे आणि कापूस सुटे. मग त्याने कापूस कापडाच्या पट्टीवर शिवला, तिला डांबर लावले आणि ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी फटीवर ठोकली. वर तांब्याचा पत्राही बसवला. मध्येच शार्क मासा घिरट्या घालू लागला, तेव्हा होडीवर चढून त्याला बंदुकीने मारावे लागले. फेअरहेवनच्या कुरणात ज्या कापसाविषयी शंका काढली गेली, तोच कापूस पाऊणशे वर्षांनी मुंबईच्या होडीला तारून गेला.

न्यूझीलंड सोडल्यानंतर सुमारे साडेचार महिने 'सुहैली'ची काहीच खबर नव्हती. संदेश पाठवणारे यंत्र बंद पडले होते. घरच्या माणसांनी हा काळ कसा काढला असेल, हे ज्यांच्या घरातील माणूस समुद्रावर गेला आहे, त्यांनाच कळेल. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ती फाल्मथला परतली. त्या शर्यतीत नऊ जण निघाले होते. पूर्ण करणारा हा एकटाच.

उरलेल्या आठांपैकी दोघांची आठवण येथे करायला हवी. फ्रेंच खलाशी बर्नार मोतेसिए याने आपल्या होडीला स्लोकमच्या स्मरणार्थ 'जोशुआ' हे नाव दिले होते. निघण्यापूर्वी त्याने इंजिनासह कितीतरी जड सामान किनाऱ्यावर उतरवून टाकले. त्याच्या मते जेवढे कमी न्यावे, तेवढी होडी सुखाने चालते. दुसरा डोनाल्ड क्रोहर्स्ट. शर्यतीची मुदत ३१ ऑक्टोबर १९६८ ला संपत होती आणि त्याच दिवशी त्याला निघावे लागले. होडीचे काम अपुरे होते. झाकणांतून पाणी आत येत होते. सुटे भाग आणि पाणी उपसण्याची आवश्यक नळी धक्क्यावरच राहून गेली होती. पुढे जाणे मृत्यूकडे नेणारे आणि मागे फिरणे दिवाळ्याकडे नेणारे, अशा पेचात सापडून त्याने खोटी ठिकाणे कळवण्यास सुरुवात केली. जुलै १९६९ मध्ये त्याची रिकामी होडी सापडली. तो सापडला नाही. मागे पत्नी आणि चार मुले राहिली. नॉक्स-जॉन्स्टनने आपल्याला मिळालेले ५,००० पौंडांचे बक्षीस त्या कुटुंबाला देऊन टाकले. आमच्या मते त्या शर्यतीतील सर्वांत मोठा विजय तो होय.

दिवाडी बेटावर

ही परंपरा पुन्हा आपल्या किनाऱ्यावर आली ती व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासामुळे. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही त्यांची कल्पना. नौदलातील दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतले. तयारीचा भाग म्हणून ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायलाही जाऊन आले. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघालेले दोंदे १९ मे २०१० रोजी प्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईला परतले. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून न थांबता फेरी पूर्ण केली. दांडेकरांच्याच कारखान्यात घडलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी आणि २०२४-२५ मध्ये दोघींनी पृथ्वीप्रदक्षिणा केली.

'सुहैली'ची प्रतिकृती असलेली 'थुरिया' ही होडीही तेथेच बांधली गेली. २०१८ मध्ये तीतून जाताना दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या आणि अभिलाष टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. उठताही येत नसताना त्यांनी आतल्या अरुंद बाकावर पडून मदतीची वाट पाहिली. अखेर एका फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले. डोलकाठी गेली, शीड गेले. होडीच्या पोटातले ते घर तेवढे शाबूत राहिले आणि त्याने आपल्या माणसाला सांभाळले.

'सुहैली'चे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. काही वर्षे तिला ग्रिनिच येथील संग्रहालयात छपराखाली ठेवण्यात आले होते. पण तेथील कोरड्या हवेत सागाच्या फळ्या आकसू लागल्या. म्हणून मालकाने तिला बाहेर काढले, पुन्हा दुरुस्त केले आणि तिच्या प्रवासाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, ती फाल्मथच्या पाण्यावर पुन्हा दिसली. जी होडी वादळाने मोडली नाही, ती जपणुकीच्या कोरडेपणाने मोडू पाहत होती.

'स्प्रे'च्या प्रत्येक फळीचा हिशेब आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तिला दुरुस्त करणाऱ्यानेच तो लिहून ठेवला. 'सुहैली'च्या खलाशाचे नाव जगभर गाजले. परंतु तिचा साग तासणाऱ्या मुंबईच्या सुतारांची नावे तशी गाजली नाहीत. त्यांनी जोडलेल्या फळ्यांनी मात्र ३१२ दिवस एका माणसाचा जीव राखला. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत असे सुतार, असे तांडेल आणि असे खलाशी होऊन गेले! सामान कोठे रचावे, पाणी कसे राखावे, कोणत्या फटीत काय भरावे, हे ज्ञान त्यांच्या हातांत होते. कागदावर ते क्वचितच उतरले. ज्या घरात असे एखादे वृद्ध अजून आहेत, तेथे नातवंडांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. होडीच्या बाहेरचा इतिहास जगाने लिहिला आहे. तिच्या आतला लिहिण्याचे काम आपल्याकडे आहे आणि ते सांगू शकणारी माणसे आपल्यामध्ये आहेत तोवरच ते करता येईल.